कॅमेरा गेटवर ठेवा

पहाटे ५.१५

लोणंदच्या स्टँडवर पेपरची गाडी येते तेव्हा चहावाल्याचा स्टोव्ह अजून धड पेटलेला नसतो. गठ्ठे उतरवायचे, मोजायचे, पुरवण्या आत सारायच्या आणि पोरांना आपापली लाइन वाटून द्यायची. वार्ताहर म्हटलं की लोकांना खिशाला पेन लावून हिंडणारा माणूस आठवतो. पण आमच्यासारख्या गावात वार्ताहर हाच एजंट असतो, जाहिरात गोळा करणाराही तोच आणि वसुलीला जाणाराही तोच. कमिशन पेपरवर आणि जाहिरातीवर मिळतं. बातमीवर काही मिळत नाही.

खंडाळा तालुक्याची कचेरी खंडाळ्याला, पण बाजार, रेल्वे आणि म्हणून बातम्या लोणंदला. फलटणचा फाटा इथून फुटतो, माउलींची पालखी नीरास्नान करून इथेच मुक्कामाला येते. त्यामुळे नेतेही येतात, सगळ्या पक्षांचे.

आजच्या पहिल्या पानावर एका मंत्र्यांच्या रुग्णालय पाहणीचा फोटो आहे. पलंगावर नवी चादर, रुग्णाच्या उशाशी मंत्री, मागे हात बांधून उभे डॉक्टर. शेजारच्या दोन पेपरांतही हाच फोटो, हाच कोन. एकाच ठिकाणाहून पाठवलेला असला की असं होतं.

सकाळी ७.००

पोरं सुटली की मोबाइल उघडायचा. माहिती कार्यालयाच्या ग्रुपवर दिवसाचा दौरा कार्यक्रम येऊन पडलेला असतो: अमुक वाजता निवासस्थानाहून मोटारीने प्रयाण, अमुक वाजता आगमन व राखीव, त्यानंतर पाहणी, पुन्हा मोटारीने प्रयाण. मिनिटामिनिटाचा हिशोब. संध्याकाळी याच ग्रुपवर तयार बातमी आणि चार फोटो येतात. ज्याला स्टँड सोडायचा कंटाळा आहे त्याचीही बातमी होते.

सातारा जिल्ह्यात हे दौरे भरपूर. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा महायुतीकडे गेल्या आणि डिसेंबरात जिल्ह्याला चार कॅबिनेट मंत्री मिळाले: शंभूराज देसाई, शिवेंद्रसिंहराजे भोसले, जयकुमार गोरे आणि आमच्या वाई मतदारसंघाचे मकरंद पाटील. विरोधी बाजूचा विधानसभेतला आमदार म्हणाल तर जिल्ह्यात एकही नाही. विधान परिषदेवर शशिकांत शिंदे २०२० मध्ये गेले, ते जुलै २०२५ मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष झाले. पण पक्षाच्या प्रदेशाध्यक्षाचा दौरा सरकारी ग्रुपवर येत नाही. तो येतो कार्यकर्त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, चार गुलाबांची चित्रं आणि 'प्रचंड संख्येने उपस्थित राहा' यासह. वेळेचा पत्ता नसतो.

तसा एक मान विरोधकांनाही आहे. राज्यात विरोधी पक्षनेत्याला १९७८ च्या कायद्यानं मंत्र्याच्या तोडीचा पगार-भत्ता आणि इतमाम मिळतो. तो दौऱ्यावर निघाला की निदान तहसीलदाराला दखल घ्यावी लागते. पण २०२४ च्या निकालात उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या पक्षाला १० जागा मिळाल्या. २८८ च्या दहा टक्क्यांचा, म्हणजे २९ चा, जो आकडा पुढे केला जातो तो एकट्या कुणाकडेच नाही. विधानसभेतली खुर्ची तेव्हापासून अडली. परिषदेत अंबादास दानवे होते, त्यांची मुदत ऑगस्ट २०२५ अखेर संपली. त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहं विरोधी पक्षनेत्याविना बसली. मुंबई-नागपुरात यावर लोकशाहीची चर्चा झाली. लोणंदला त्याचा अर्थ सोपा आहे: आता विरोधी बाजूचा जो कुणी सरकारी दवाखान्याच्या दारात उभा राहील, तो कागदोपत्री एक भेट देणारा नागरिक. आत सोडायचा की नाही, हे गेटवर ठरणार.

आज असंच एक यायचंय. विरोधी पक्षाचे एक माजी आमदार, आमच्या टापूतल्या एका सरकारी रुग्णालयात, अकरा वाजता. रुग्णालयाचं नाव देत नाही. तिथला डॉक्टर बिचारा बदलीच्या वयाचाही नाही.

सकाळी ९.००

गुरुवार आहे, म्हणजे बाजार समितीचं आवार कांद्यानं भरलेलं. ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती, सगळ्यांची तोंडं आत. अडत्यापुढे गोणी फोडून ढीग ओततात, व्यापारी मूठभर कांदे उचलून बोटानं दाबून बघतो आणि पुढे सरकतो. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, असा भाव वहीत टिपून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी हा एक चौकट मजकूर बिनतक्रार छापून येतो. माझ्या सगळ्या लिखाणात सगळ्यांत जास्त वाचला जाणाराही तोच.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या महिन्यांत अशा आवारांत विरोधकांच्या खेपा झाल्या. ढिगावर उभं राहून बोला, शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवा, कांदे हातात घेऊन बाईट द्या, कुणी अडवलं नाही. बाजार समितीही कायद्यानं उभी राहिलेली संस्था आहे, तिलाही फाटक आहे, सचिव आहे. पण फाटकातून रोज शेकड्यानं माणूस आत-बाहेर करतो आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. तिथे कॅमेऱ्याला मनाई करून करणार काय? शिवाय भाव पडलेला लपवता येत नाही, तो शेतकऱ्याच्या पट्टीवरच छापलेला असतो. दवाखान्यातली लस संपलेली मात्र लपवता येते. फ्रिजचं दार लावलं की झालं.

सकाळी १०.५०

रुग्णालयाच्या गेटवर दोन पोलीस, एक वॉचमन आणि भिंतीवर एक नवा कागद. 'रुग्णालय परिसरात छायाचित्रण व चित्रीकरण करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' कुणाच्या, ते नाही. जावक क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही. कागद चिकटवलाय तो ड्रेसिंगच्या पांढऱ्या पट्टीनं, चारही कोपऱ्यांना, जखमेला लावतात तसा नीट कात्रीनं कापून. हे काम सिस्टरनं केलं असणार, वॉचमनच्या हाताला इतकी सफाई नाही.

वैद्यकीय अधिकारी स्वतः गेटवर आले. वय तिशीच्या आत. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर, ही मनाई कधीपासून?"

"तसा नियम आहेच, दादा. पेशंटची प्रायव्हसी."

"आहे ना. पण कागद आजचा दिसतोय."

ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "वरून फोन आलाय. लेखी काही नाही. तुम्ही समजून घ्या."

समजून घेतलं. त्यांचा नियम खोटाही नाही. रुग्णाच्या खाजगीपणाचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेला आहे, आणि तो नसता तरी बाळंतिणीच्या वॉर्डात बूम घेऊन घुसणाऱ्याला शहाणपण शिकवायलाच हवं. माझ्या धंद्यातल्या काही पोरांनी सलाइन लावलेल्या म्हातारीला 'आजी, कसं वाटतंय' विचारून जे केलंय ते मी पाहिलंय. मनाई असावी. पण दोनेक महिन्यांमागे याच इमारतीत सत्ताधारी बाजूचे एक पदाधिकारी आले होते, बाहेरच्या तालुक्यातले. मंत्री नाहीत, आमदार नाहीत, सरकारी कुठलंच पद नाही, फक्त गाडीवर झेंडा. त्यांच्याबरोबर दोन कॅमेरे थेट वॉर्डात गेले. फळवाटप झालं. एका पेशंटला मोसंबं दोनदा द्यावं लागलं, कारण पहिल्या वेळी फोटो हलला. तेव्हा प्रायव्हसी बहुधा रजेवर होती.

माजी आमदार अकराच्या ऐवजी पावणेबाराला आले. मागे सात-आठ गाड्या, हॉर्न वाजवत, त्यातल्या दोन नेमक्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या वाटेत लावलेल्या. त्यांच्या बाजूनं लिहायला बसलं की ही माणसं हात कापून ठेवतात. वाद सुरू झाला. "लोकांच्या पैशाचा दवाखाना आहे", "आदेश दाखवा", "कुणाच्या बापाचा". डॉक्टर गेटवर अडकले, म्हणून ओपीडी थांबली. रांगेतला एक बाप्या केसपेपर हलवत ओरडला, "आवं, भांडान नंतर करा, डाक्टरला आत सोडा आदी." केसपेपर आता फुकट आहे, ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत पैसे घेत नाहीत. थांबायचं मात्र तेवढंच.

तोडगा निघाला. आमदारांबरोबर चौघं आत, मोबाइल गेटवर. सिस्टरनं इंजेक्शनचा स्टीलचा ट्रे पुढे केला, त्यात चार फोन पडले. आम्ही पत्रकार समोरच्या रसवंतीत.

दुपारी १२.३०

ते बाहेर आले आणि कडुनिंबाखाली बाईट झाला. यूट्यूब चॅनेलच्या पोरांनी त्यांना दोनदा सरकवलं, मागे रुग्णालयाची पाटी दिसली पाहिजे म्हणून. म्हणाले, साप चावल्यावरची लस नाही, रुग्ण साताऱ्याला धाडतात. एक्स-रे मशीनवर चादर टाकलीय, तंत्रज्ञ नाही. रात्री डॉक्टर नसतो. खरं असेल. मी या भागात राहतो, मला तर ते खरंच वाटतं. पण मी फ्रिज पाहिला नाही, चादर पाहिली नाही. पाहिली असती तर 'लस नाही' असं मी माझ्या नावानं लिहिलं असतं. आता मला 'लस नसल्याचा आरोप त्यांनी केला' इतकंच लिहिता येतं, आणि वाचणारा म्हणतो, विरोधकच ते, आरोप करणारच. गेटवर कॅमेरा अडवला की नेत्याचं फार बिघडत नाही, त्याला बाहेर पाटी मिळतेच. बिघडतं ते तिथल्या पेशंटचं. त्याची अडचण खात्री न झालेली राहते.

आत कॅमेरा जातो तो कधी? माणसं मेल्यावर. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, मग सत्ताधारी, विरोधक, चॅनेल सगळे पोचले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात. लगेच पुढाऱ्यांच्या रांगा. त्यात तेव्हा सत्ताधारी शिवसेनेचे खासदार असलेले हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं. त्याचा व्हिडिओ राज्यानं पाहिला, पुढे गुन्हाही दाखल झाला. कॅमेरा शौचालयापर्यंत गेला होता, त्या दिवशी मनाईचा कागद कुठे चिकटवला होता कोण जाणे. आणि आमच्या शेजारी फलटणला, ऑक्टोबर २०२५ मध्ये उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला तेव्हा पुण्याकडच्या चॅनेलच्या गाड्या लोणंदवरून धुरळा उडवत गेल्या. त्याच गाड्यांना आमच्या दवाखान्यातल्या रिकाम्या फ्रिजसाठी बोलावून बघा.

दुपारी २.००

जेवण करून दुकानात पंख्याखाली. उन्हाच्या या दोन तासांत आमची संसद भरते: मी, दुसऱ्या पेपरचा वार्ताहर, एक निवृत्त मास्तर आणि दोन्ही बाजूंचा एकेक कार्यकर्ता. विषय अर्थात गेटचाच.

विरोधी कार्यकर्ता तावातावानं म्हणाला, असं आजवर कधी झालं नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढला. मास्तरांची स्मरणशक्ती ही गावातल्या सगळ्या पक्षांची डोकेदुखी आहे. ते म्हणाले, २०२० आठव. कोविडचं पहिलं वर्ष, राज्यात महाविकास आघाडी. विधानसभेतले विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस आणि परिषदेतले प्रवीण दरेकर जिल्ह्याजिल्ह्यांत कोविड रुग्णालयं बघत, अधिकाऱ्यांशी बोलत फिरत होते. जुलैमध्ये सरकारनं परिपत्रक काढलं: अशा दौऱ्यांना, बैठकांना अधिकाऱ्यांनी हजर राहायचं कारण नाही. फडणवीस चिडले. आणि त्या परिपत्रकात आधार दिला होता तो कशाचा? २०१६ च्या परिपत्रकाचा. २०१६ ला मुख्यमंत्री कोण होतं?

सत्ताधारी कार्यकर्ता हसायला लागला होता, तो मध्येच थांबला.

२०२० च्या पुढच्याच वर्षीचा पूर आम्हा सगळ्यांनाच आठवतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंचं हेलिकॉप्टर खराब हवेमुळे कोयनानगरला उतरू शकलं नाही, पुण्याला परतलं. विरोधक मात्र तिथल्या शाळेत ठेवलेल्या आपद्ग्रस्तांपर्यंत पोचले. शरद पवारांनी तेव्हा नेत्यांना दौरे टाळण्याचा सल्ला दिला, यंत्रणेवर ताण येतो म्हणून, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा दाखला दिला, तेव्हा त्यांनी पंतप्रधान नरसिंह रावांनाही लगेच येऊ नका असं सांगितलं होतं. फडणवीसांचं म्हणणं उलट, आम्ही फिरलो की यंत्रणा हलते. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर. पूर आला की तलाठ्याला पंचनामा सोडून ताफ्याच्या मागे धावावं लागतं, आणि ताफा आला नाही तर काही ठिकाणी पंचनामाच होत नाही.

पण त्या दौऱ्यातली एक गोष्ट मला आवडते. ३० जुलैला कोल्हापुरात शाहूपुरीत मुख्यमंत्री ठाकरे आणि विरोधी पक्षनेते फडणवीस एकाच गल्लीत समोरासमोर आले, बोलले. दोघांचे कॅमेरे तिथेच, एकाच चिखलात. गल्लीला गेट नव्हतं.

मास्तरांच्या नातवानं यूट्यूबवर एक जुनी चित्रफीत लावली. सप्टेंबर २०१९, लंडनचं व्हिप्स क्रॉस रुग्णालय. पंतप्रधान बोरिस जॉन्सन वॉर्डात गेले असताना एका आजारी मुलीचा बाप त्यांना तडकावतो, तुम्ही प्रेससाठी आलात म्हणून. जॉन्सन म्हणतात, इथे प्रेस नाहीच. बाप कॅमेऱ्यांकडे बोट दाखवतो. आमचे दोन्ही कार्यकर्ते पोट धरून हसले. तो बाप विरोधी मजूर पक्षाचा कार्यकर्ता निघाला, यावर मग अर्धा तास वाद: त्यानं बोलायला हवं होतं की नाही. मास्तर म्हणाले, त्याची पोरगी आजारी होती ना, मग झालं.

दोन्ही बाजूंना सारखं वागवायची सोय निवडणुकीपुरती आपल्याकडे आहे. आचारसंहितेत सत्ताधारी पक्षासाठी वेगळं प्रकरण आहे, १९७९ साली घातलेलं. सरकारी विश्रामगृहं सत्ताधाऱ्यांनी अडवून ठेवू नयेत, इतरांनाही तितक्याच सरळपणे मिळावीत, असं त्यात आहे. म्हणजे पाच वर्षांतले काही आठवडे विश्रामगृहाच्या खोलीची किल्ली सगळ्यांची. दवाखान्याच्या वॉर्डाबद्दल असं साधं काही लिहून ठेवायला काय हरकत आहे? एक कॅमेरा, पेशंटचा चेहरा नको, बाळंतिणीचा वॉर्ड नको, औषधाचं कपाट आणि फ्रिज दाखवा, आणि येणारा कुणीही असो. नाहीतर कुणालाच नको, मोसंबंवाल्यालाही नको. मला दोन्ही चालेल.

संध्याकाळी ५.००

बातमी मोबाइलवरच टाइप करतो. साताऱ्याच्या डेस्कला फोन.

"आतला फोटो आहे?"

"सोडलं नाही."

"मग कडुनिंबाचा काय लावायचा? दीडशे शब्दांत द्या. आणि रुग्णालयाची बाजू घ्या, एकतर्फी नको."

रास्त आहे. दुसरी बाजू घेतलीच पाहिजे. सकाळच्या पहिल्या पानावरच्या फोटोला मात्र दुसरी बाजू कुणी मागितली नव्हती. त्या चादरी दुसऱ्या दिवशी कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही. डेस्कवरच्या पोराचा यात दोष नाही, त्याच्यापुढे रात्री अकरापर्यंत भरायची पानं आहेत आणि सरकारी मजकूर शुद्धलेखनासकट तयार येतो. वर, वाढदिवसाच्या पुरवणीच्या जाहिराती कुणाकडून येतात तेही त्याला माहीत आहे, मला तर जास्तच. सत्तेत असलेल्याचा वाढदिवस चार पानांचा होतो, सत्ता गेल्यावर तोच माणूस पाव पानावर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची पत्रकारांना चहाला, ढाब्यावर नेण्याच्या सल्ल्याची ध्वनिफीत बाहेर आली तेव्हा राज्यभर गहजब झाला. आमच्याकडे एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं एवढंच विचारलं, बिल कोण देणार म्हणालेत? आणि मार्च २०२५ मध्ये सरकारनं बातम्यांवर लक्ष ठेवायला दहा कोटी रुपयांचं केंद्र करायचं ठरवलं, तेव्हा त्याच गृहस्थांना माझी कांद्याची चौकट वाचायला तरी कुणीतरी पगारी माणूस मिळाला याचा आनंद झाला.

संध्याकाळी ६.४०

डॉक्टरांना फोन लावायच्या आतच रुग्णालयाची बाजू आली. पाठवणारा नंबर डॉक्टरांचा नाही, एका पुढाऱ्याच्या माध्यमांचं काम बघणाऱ्या मुलाचा. 'रुग्णालयात सर्व सुविधा सुसज्ज, विरोधकांचा स्टंट', सोबत पाच फोटो. उघड्या फ्रिजमध्ये लशींची खोकी. एक्स-रे मशीन, चादरीविना. दोन पलंगांवर रुग्ण, चेहरे स्वच्छ दिसतायत. शेवटच्या फोटोत मागे गेटची भिंत आली आहे आणि तिच्यावर चार पांढऱ्या पट्ट्यांचा तो कागद, पूर्ण वाचता येतोय.

लस आहे, म्हणजे चांगलंच झालं. सकाळी होती की दुपारी आली, हे विचारायला डॉक्टरांना फोन केला. उचलला नाही. मीही पुन्हा लावला नाही. त्यांना उत्तर देता आलं नसतं.

पाचही फोटो मी डेस्कला पाठवले, बरोबर एक ओळ: रुग्णांचे चेहरे झाका, आणि भिंतीवरचा कागद कापू नका.

रात्री ९.३०

पान लागल्याचा निरोप आला. माझी बातमी सहाव्या पानावर, फोटोसकट. कागद राहिला की कापला, ते पहाटे गठ्ठा फोडल्यावर कळेल.

मग दुपारच्या विरोधी कार्यकर्त्याचा फोन. इतकी छोटी बातमी का, आमच्या साहेबांचा फोटो का नाही, तुम्हाला पण फोन गेला का, वगैरे. सगळं ऐकून घेतलं, वर्गणीदार आहे. शेवटी तो म्हणाला, "थांबा जरा. आमचं सरकार येऊ द्या. मग बघू त्यांचा एक तरी कॅमेरा त्या गेटातून आत कसा जातोय."

मी म्हटलं, "त्याचं परिपत्रक तयारच आहे, मास्तरांकडून तारीख लिहून घे." आणि फोन चार्जिंगला लावला.